अर्धपोटी धाव

२५ वर्षांच्या मुलीचा पाठीचा कणा ५१ वर्षांच्या बाईच्या कण्याइतका विरळ झालेला असू शकतो, आणि तीच मुलगी रोज पहाटे दहा-बारा किलोमीटर सहज धावत असू शकते. १९८४ साली अमेरिकेत संशोधक बार्बरा ड्रिंकवॉटर यांनी हे मोजून दाखवलं. पाळी बंद झालेल्या १४ खेळाडू तरुणी त्यांनी घेतल्या, पाळी नियमित असलेल्या आणखी १४ खेळाडू घेतल्या आणि दोन्ही गटांच्या मणक्यांची घनता मोजली. पहिल्या गटाचं सरासरी वय २५ होतं. मणक्यांची घनता मात्र पन्नाशी ओलांडलेल्या बाईची निघाली.

हा आकडा पहिल्यांदा वाचला की चक्रावायला होतं, कारण धावण्यानं हाडं बळकट होतात असंच आपण ऐकत आलो आहोत, आणि ते खरंही आहे. प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार पायातून वर चढतो. हाडाला तो भार कळतो आणि जिथे ताण जास्त तिथे ते नवा थर चढवतं. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा साधारण दहावा भाग दरवर्षी खरवडून निघतो आणि नव्यानं भरला जातो. इतकं जिवंत, इतकं कामसू हाड रोज हजारो ठोके मिळूनही झिजत का जावं? या प्रश्नाचं उत्तर मिळायला पुढे बरीच वर्षं लागली, आणि ते मिळालं जेवणाच्या ताटात.

हे वसई-विरारच्या वाचकांनी मुद्दाम समजून घ्यावं असं मला फार वाटतं. २००९ साली आपली महानगरपालिका झाली आणि २०११ पासून मॅरेथॉन सुरू झाली. पूर्ण मॅरेथॉन विरारहून सुटते, अर्धी वसईहून. आता ती डिसेंबरात असते. तिच्यामुळे इथल्या कितीतरी घरांत धावणं आलं. पहाटे राजोडी-कळंबच्या किनाऱ्यावर, वसईच्या किल्ल्याच्या रस्त्यावर, जीवदानीच्या हजाराहून जास्त पायऱ्यांवर माणसं दिसतात. त्यात शाळकरी मुली असतात आणि चाळिशीनंतर पहिल्यांदा बूट बांधलेल्या बायकाही. पण डिसेंबरातल्या शर्यतीचा सराव तीन-चार महिने आधी सुरू करायचा म्हटलं तर कॅलेंडर कुठे येऊन थांबतं ते पाहा: श्रावणात. मग श्रावणी सोमवार, हरतालिका, नवरात्राचे नऊ दिवस. वर्षभरातले सगळ्यात लांब पल्ले आणि वर्षभरातले सगळ्यात जास्त उपास एकाच हंगामात येतात. उपास वाईट असं मी म्हणत नाही, श्रद्धेचा तर प्रश्नच नाही. पण शरीर त्या दिवशी काय करतं, हे माहीत असलेलं बरं.

पूर्वी समज असा होता की व्यायामाचा ताण बायकांना सोसत नाही, म्हणून फार धावलं की पाळी जाते. अंगातली चरबी एका मर्यादेखाली गेली की पाळी थांबते, असंही सांगितलं जाई. ओहायो विद्यापीठातल्या अॅन लाउक्स यांनी हे दोन्ही समज प्रयोगशाळेत तपासले. त्यांनी फारसा व्यायाम न करणाऱ्या, पाळी नियमित असलेल्या तरुणी घेतल्या. काहींना भरपूर व्यायाम करायला लावला आणि त्यात जळालेली ऊर्जा जेवणातून पूर्ण भरून दिली. काहींना तेवढाच व्यायाम दिला, भरपाई मात्र दिली नाही. काहींना व्यायाम नाही, फक्त जेवण कमी. मग २४ तास, दर १० मिनिटांनी, त्यांचं रक्त घेतलं.

दर १० मिनिटांनी कशासाठी? तर मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा एक लहानसा भाग आहे. तो साधारण तास-दीड तासाला एका संप्रेरकाचा सूक्ष्म ठोका सोडतो. खालची पिट्यूटरी ग्रंथी त्या ठोक्याला दुसऱ्या संप्रेरकाच्या ठोक्यानं उत्तर देते, आणि त्या तालावर अंडाशय चालतं. इथे लयच महत्त्वाची. १९७८ साली अर्न्स्ट क्नोबिल यांच्या प्रयोगशाळेत माकडांना हेच संप्रेरक सलग दिलं तेव्हा पुढचं सगळं काम थंडावलं, आणि तासाला एकदा दिलं तेव्हा पुन्हा सुरू झालं. रसायन तेच, फरक फक्त तालाचा. लाउक्स त्या रक्तात हाच ताल शोधत होत्या.

भरपूर व्यायाम करूनही ज्यांना पोटभर मिळत होतं त्यांचा ताल जवळपास जसाच्या तसा राहिला. ज्यांना कमी मिळत होतं त्यांचा मंदावला, मग त्यांनी व्यायाम केलेला असो वा नसो. म्हणजे दोष धावण्याचा नव्हताच. आणि हे व्हायला किती दिवस लागले? चार-पाच. चार-पाच दिवसांत वजनाच्या काट्यावर नाव घेण्यासारखं काही दिसत नाही, अंगावरची चरबी तशीच असते, तरी मेंदूला खबर लागलेली असते. ही खबर पोचवणाऱ्यांपैकी एक आहे लेप्टिन, चरबीच्या पेशींतून येणारं संप्रेरक. त्याचा शोध १९९४ साली जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत लागला. खाणं कमी झालं की चरबी उतरण्याच्या कितीतरी आधी लेप्टिन उतरतं.

या संशोधनातून ‘उपलब्ध ऊर्जा’ ही कल्पना पुढे आली. जेवणातून आलेल्या कॅलरींमधून व्यायामात जळालेल्या वजा करायच्या. जे उरेल त्यात हृदय, मेंदू, यकृत, हाडं, त्वचा, रोगप्रतिकार, पाळी, सगळं भागवायचं. चरबी वगळून शरीराचं जे वजन राहतं, त्याच्या दर किलोमागे दिवसाला सुमारे ४५ कॅलरी उरल्या तर शरीराचं नीट चालतं. ३० च्या खाली गेलं की बिघाड सुरू होतात, असं लाउक्स यांना २००३ साली दिसलं. पुढच्या अभ्यासांनी सांगितलं की ३० ही काही दगडावरची रेघ नाही, कुणाचं आधी बिघडतं तर कुणाचं उशिरा.

एक उदाहरण मांडून पाहू. ५२ किलो वजनाची बाई, चरबी वगळून साधारण ४१ किलो. ती सकाळी १२ किलोमीटर धावते. धावताना दर किलोमीटरला दर किलो वजनामागे सुमारे एक कॅलरी जळते, म्हणजे तिच्या ६२०-६२५ गेल्या. दिवसभरात ती १७०० कॅलरी खाते. उरल्या १०७५ च्या आसपास. ४१ नं भागलं तर २६ येतात. आता या १७०० कॅलरी ताटात कशा दिसतात? सकाळी चहा-पोहे, दुपारी डब्यात तीन पोळ्या आणि भाजी, संध्याकाळी चहा-बिस्किटं, रात्री वरण-भात. ही बाई उपाशी आहे असं घरात कुणाच्या मनातही येणार नाही. तिच्या स्वतःच्याही नाही, कारण जोरात धावून आलं की काही वेळ भूक मरते. ती डाएटवर नाही, बारीक व्हायचं तिनं ठरवलेलं नाही. शेजारची धावत नाही आणि ही धावते, एवढाच काय तो फरक, आणि दोघींची ताटं सारखीच. तिला रोज २४०० च्या पुढे लागतात. अर्धपोटी धावणाऱ्यांत अशा, नकळत कमी खाणाऱ्या, पुष्कळ असतात.

आपल्याकडे त्यात लोकलची भर पडते. पाचला उठायचं, कोरा चहा घ्यायचा, कारण पोटात काही असलं की धावताना जड वाटतं. सव्वासहापर्यंत पळून यायचं, आंघोळ, मुलाचा डबा, स्वतःचा डबा, स्टेशन. विरार लोकलमध्ये खाण्याचं सोडा, हात वर करायलाही जागा नसते. ऑफिसात पुन्हा चहा. स्वतःचा डबा उघडतो तो एक वाजता. २०१८ साली डेन्मार्क-स्वीडनमधल्या संशोधकांनी लांब पल्ल्याच्या महिला खेळाडूंच्या दिवसाचा तासातासाचा ताळा केला. पाळी बिघडलेल्या आणि नियमित असलेल्या खेळाडूंची २४ तासांची उपलब्ध ऊर्जा जवळपास सारखीच होती. पण पाळी बिघडलेल्यांचे दिवसातले जास्त तास मोठ्या तुटीत जात होते. त्याच वर्षी पुरुष खेळाडूंवर झालेल्या अभ्यासातही मोठी तूट आणि मंदावलेला चयापचय यांचा संबंध दिसला. म्हणजे रात्री पोटभर जेवून सकाळची तूट पुरती भरून निघतेच असं नाही. शरीर मध्यरात्री बारा वाजता बेरीज करत बसत नाही. सकाळी दहा वाजता त्याला काय मिळालं, हे ते सकाळी दहा वाजताच पाहतं.

कमी मिळालं की शरीर काय करतं, हे मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटतं. पगार अर्धा आला तर घरातली बाई आधी भाडं आणि दूध सांभाळते, मग रंगकाम लांबणीवर टाकते, गळती तशीच राहू देते. बाहेरून घर पूर्वीसारखंच दिसतं. शरीरही तसंच करतं. हृदय, मेंदू आणि धावणारे स्नायू यांना आधी मिळतं. पाळी थांबते, कारण या परिस्थितीत गर्भ परवडणार नाही. हाडाची खरवड चालू राहते, भरणी मंदावते. हातपाय गार पडतात, केस गळतात, सर्दी महिनाभर जात नाही, नाडी संथ होते. ही संथ नाडी फार फसवी असते. खेळाडूची नाडी संथ असते हे सर्वांना माहीत असल्यानं, उपासमारीनं संथ झालेली नाडीही तयारीची खूण समजली जाते.

अशी काटकसर निरोगी शरीरही करतं. मानववंशशास्त्रज्ञ हर्मन पॉन्ट्झर यांनी २०१२ साली टांझानियातल्या हाडझा लोकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. हे लोक शिकार करून, कंदमुळं खणून जगतात, दिवसभर चालतात. पण शरीराच्या आकाराचा विचार करता त्यांचा दिवसाचा एकूण ऊर्जाखर्च खुर्चीत बसणाऱ्या अमेरिकनांइतकाच निघाला. शरीर हालचालीसाठी लागणारी ऊर्जा दुसरीकडून वाचवतं. थोडीशी वाचवली तर ते चांगलंच, कदाचित व्यायामाचे काही फायदे त्यातूनच येतात. पण वाचवायला काही उरलंच नाही की मग हाडात हात घातला जातो.

हाडात हात घातल्याचं कळतं कसं? आधी नडगी दुखते. बूट बदलले जातात, बर्फ लावला जातो, चार दिवस विश्रांती होते. मग दुखणं एका बोटभर जागेवर येऊन बसतं, तिथे दाबलं की कळ मस्तकात जाते. एक्स-रेत बऱ्याचदा सुरुवातीला काही दिसत नाही, एमआरआयमध्ये हाडाला गेलेली केसाएवढी चीर दिसते. प्लास्टर किंवा बूट मिळतो, सहा-आठ आठवड्यांनी पुन्हा धावायची परवानगी मिळते. ताटाबद्दल कुणी विचारतच नाही. वर्षभरात दुसऱ्या पायाला तेच होतं. अमेरिकेची मेरी केन २०१३ साली, १७ व्या वर्षी, मॉस्कोच्या जागतिक स्पर्धेत १५०० मीटरची अंतिम फेरी धावली होती. २०१९ मध्ये तिनं जाहीरपणे सांगितलं की वजन उतरवण्याच्या दबावाखाली तिची पाळी तीन वर्षं बंद होती आणि पाच हाडं मोडली. कुमारवयात हे घडणं जास्त घातक, कारण आयुष्यभराच्या हाडसाठ्याचा फार मोठा भाग विशीच्या आत जमा होतो. तो काळ अर्धपोटी गेला तर नंतर कितीही दूध प्यायलं तरी पूर्ण भरपाई होईलच असं नाही.

मुलगे यातून सुटत नाहीत. त्यांना पाळीसारखी दर महिन्याची खूण नसते, एवढंच. टेस्टोस्टेरॉन उतरतं, चिडचिड वाढते, सकाळी उठताना अंग मोडून आलेलं असतं, आणि हाडं त्यांचीही चिरतात. म्हणूनच पूर्वी ‘खेळाडू स्त्रियांचा त्रिदोष’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या दुखण्याला आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ साली नवं, स्त्री-पुरुष दोघांना लागू होणारं नाव दिलं. खेळातली सापेक्ष ऊर्जातूट असा त्याचा अर्थ, आणि रेड-एस हे त्याचं इंग्रजी संक्षिप्त रूप.

मनाचं काय होतं? त्याचं सर्वांत स्पष्ट चित्र १९४५ सालचं आहे. मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीनं, २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. दिवसाला सुमारे १५७० कॅलरी: बटाटे, सलगम, काळा पाव, मॅकरोनी. आणि आठवड्याला २२ मैल चालायचं. हे सगळे युद्धाला नकार देणारे, सेवेच्या भावनेनं पुढे आलेले, विचारी तरुण होते. काही आठवड्यांत त्यांना दुसरं काही सुचेना. ते पाककृतींची पुस्तकं वाचू लागले, समोरचं ताट तासन् तास पुरवू लागले, अन्नाची विचित्र मिश्रणं करू लागले, माणसांत मिसळेनासे झाले. उन्हाळ्यातही त्यांना थंडी वाजत होती. यांपैकी कुणालाही आधी खाण्याचा आजार नव्हता. भुकेनंच त्यांच्या मनात ते वेड पेरलं.

आता कीज यांचे १५७० आणि आपल्या उदाहरणातल्या बाईचे १७०० शेजारी ठेवून पाहा. ते तरुण आठवड्याला ३५ किलोमीटर चालत होते. मॅरेथॉनची तयारी करणारी आठवड्याला त्याहून जास्त धावते. नकळत सुरू झालेलं कमी खाणं हळूहळू मनाचा ताबा घेतं ते असं. मग लग्नाच्या पंक्तीत ‘मी घरून खाऊन आलेय’ सुरू होतं. एक मोदक खाल्ला म्हणून दुसऱ्या दिवशी सहा किलोमीटर जास्त धावलं जातं. वजनकाट्यावर दिवसातून तीनदा चढलं जातं. चारचौघांत जेवायचं टाळलं जातं. हा हट्ट नाही आणि नखराही नाही, हा आजार आहे, आणि मनाच्या आजारांत जिवावर बेतणाऱ्यांपैकी एक आहे. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या नॉर्वेतल्या मोठ्या अभ्यासात अव्वल महिला खेळाडूंपैकी २० टक्के आणि पुरुष खेळाडूंपैकी ८ टक्के जणांना खाण्याचा आजार आढळला. खेळाडू नसलेल्यांत हे प्रमाण ९ टक्के आणि अर्धा टक्का होतं.

आणि या आजाराला आपण सगळे मिळून खतपाणी घालतो. ‘किती बारीक झालीस गं!’ हे आपल्याकडे कौतुकाचं वाक्य आहे. मैदानावर ‘दोन किलो उतरव, टायमिंग सुधारेल’ असं सहज सांगितलं जातं, आणि सुरुवातीला टायमिंग खरंच सुधारतं. त्या चार-सहा महिन्यांच्या यशानंच पुढचा घात होतो. खेळाच्या संघटना ठरवलं तर यात हस्तक्षेप करू शकतात. स्की जंपिंगमध्ये २००४ पासून खेळाडू उंचीच्या मानानं फार हलका असेल तर त्याला आखूड स्की वापरावी लागते, म्हणजे हलकं होण्याचा फायदाच काढून घेतला. आपल्या जिल्हा स्पर्धांत निदान उघड्यावर मुलींची वजनं घेणं आणि ती मोठ्यानं वाचणं थांबवता येईल. त्याला पैसा लागत नाही.

एक गोष्ट सांगताना मला गलबलतं. वसई-विरारपासून काही तासांवर, याच पालघर जिल्ह्यात, जव्हार आणि मोखाडा आहेत. १९९२-९३ साली जव्हारच्या वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला होता, आणि कुपोषण तिथून अजून गेलेलं नाही. त्याच डोंगररांगांत, मोखाड्याला लागून असलेल्या त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत नाशिकला विजेंदर सिंग यांच्या हाताखाली घडली. २०१० साली तिनं दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १० हजार मीटरमध्ये ब्राँझ आणि ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य मिळवलं. या पट्ट्यातल्या आश्रमशाळांत धावणाऱ्या मुली पुष्कळ आहेत. त्यांच्या ताटात कमी पडतं ते परिस्थितीनं. वसईच्या फ्लॅटमधल्या मुलीच्या ताटात कमी पडतं ते घाईनं, समजुतीनं किंवा आजारानं. मेंदूतल्या त्या ठोक्याला कारण कळत नाही. दोघींची पाळी एकाच पद्धतीनं थांबते, दोघींच्या नडगीला एकसारखीच चीर जाते. म्हणून आश्रमशाळेतल्या मुलीला स्टॉपवॉच लावण्याआधी प्रशिक्षकानं ‘सकाळपासून काय खाल्लंस?’ हे विचारायला हवं, आणि उत्तर ऐकून काहीतरी खायला द्यायला हवं.

सुधारणा होते, हे मात्र खात्रीनं सांगण्यासारखं आहे. खाणं वाढवलं, सराव थोडा उतरवला की बहुतेकींची पाळी काही महिन्यांत परतते. हाडांना वर्षं लागतात. पाळी चुकल्यावर गर्भधारणा, थायरॉईड, पीसीओएस हेही तपासावं लागतं, ते डॉक्टरांवर सोडा. पण त्यांना ‘मी आठवड्याला इतकं धावते आणि दिवसभरात इतकं खाते’ हे आपण होऊन सांगा. संप्रेरकांच्या गोळ्या घेऊन दर महिन्याला येणारा रक्तस्राव म्हणजे परतलेली पाळी नव्हे. त्यानं खूण झाकली जाते, हाडाची भरणी सुरू होत नाही.

इंधन तर आपल्या दारातच पिकतं. राजेळी केळी उन्हात वाळवून केलेली आगाशीची सुकेळी म्हणजे पाणी काढून घेतलेली, खिशात मावणारी साखर आणि पिष्ट. भाजलेले शेंगदाणे आणि गूळ, राजगिऱ्याचा लाडू, तांदळाची भाकरी आणि अंडं, यांना कुठल्याही महागड्या पावडरीची सर येते. उपास सोडायचा नसेल तर त्या दिवशी लांब पल्ला ठेवू नका.

तुम्ही किंवा तुमच्या घरातलं कुणी धावत असेल तर एवढं करा. पहाटे निघण्याआधी एक केळं किंवा सुकेळी, परतल्यावर स्टेशनला जाण्याआधी पोटभर न्याहारी आणि मध्ये खायला पर्समध्ये दुसरा छोटा डबा. जेवणाची भीती वाटू लागली असेल, किंवा घरातल्या मुलीच्या डोळ्यांत ती दिसत असेल, तर १४४१६ या क्रमांकावर टेलि-मानसची सेवा दिवसरात्र मोफत मिळते. पाळी तीन महिने आली नसेल किंवा हाडाला दुसऱ्यांदा चीर गेली असेल, तर डिसेंबरच्या शर्यतीची नोंदणी करण्याआधी डॉक्टरांकडे जा.